‘रेअर पीस आहे साहेब’ : जुने व्हिडिओ गेम घेताना भाव कसा ताडायचा

पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी रिमोटच्या ढिगाखाली मला एक टीव्ही गेम दिसला. मूळचा पांढरा, आता चहात बुडवल्यासारखा पिवळा. एका कंट्रोलरची वायर मधेच तुटलेली, दुसरा कंट्रोलर गायब, वर ‘मीडिया’ हे नाव अर्धवट पुसलेलं. ताडपत्रीवर बसलेल्या काकांना किंमत विचारली.

“तीन हजार. रेअर पीस आहे साहेब, अँटिक.”

“चालतो का काका?”

“ते मला काय माहीत? पण रेअर आहे.”

जुन्या गेमच्या बाजारात नव्याने उतरणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा या एका शब्दापायी जातात. मला हा नाद लागून दहा-बारा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी विकणारा म्हणेल ते दुर्मिळ आणि तो सांगेल तो भाव असं धरून चाललो, आणि त्या काळातली निम्मी खरेदी आज मला कुणी अर्ध्या किमतीतही मागणार नाही. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी खाली क्रमाने लिहितो. कार्ट्रिजला आपण लहानपणापासून ‘कॅसेट’च म्हणत आलो, इथेही तोच शब्द वापरतो.

१. खेळायचंय की जपायचंय, ते आधी ठरवा

हे ठरवल्याशिवाय ‘योग्य भाव’ या शब्दाला अर्थच नाही. खेळायचं असेल तर फाटक्या लेबलची, पेनाने कुणाचं तरी नाव लिहिलेली कॅसेटसुद्धा तेवढीच चालते आणि स्वस्तात मिळते. जपायचं असेल तर डबा, पुस्तिका, लेबलचा कोपरा, सगळ्याचे पैसे मोजावे लागतात. दोन्ही हवं असं म्हणणारे (मीही त्यातलाच) दोन्हीकडून फसतात. म्हणजे डब्याचे पैसे देतात, आणि आठवड्याभरात तोच डबा कपाटात चेपतात.

२. थोडी वंशावळ माहीत असू द्या

निन्टेन्डो या जपानी कंपनीचं फॅमिकॉम हे टीव्ही गेमचं यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आलं. तेच यंत्र वेगळ्या अंगरख्यात अमेरिकेत १९८५ मध्ये ‘एनईएस’ म्हणून गेलं. दोघांच्या कॅसेट एकमेकांत बसत नाहीत: फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, एनईएसच्या कॅसेटला ७२.

आपल्याकडे नव्वदीत घराघरांत जे आलं, ते समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर, हे बहुतेक फॅमिकॉमचे अवतार. म्हणून त्यांत ६० पिनांची कॅसेट बसते, आणि म्हणूनच जपानमधून आलेली अस्सल फॅमिकॉमची कॅसेट तुमच्या माळ्यावरच्या मशीनमध्ये सहसा सरळ चालते. पिना जुळतात आणि मशीनला जपानी-भारतीय काही कळत नाही. स्वस्तात सुरुवात करायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

दुसरीकडे, आपल्या बालपणीची ‘९९९ इन १’ कॅसेट कितीही जिव्हाळ्याची असली तरी बाहेरच्या बाजारात तिला मोल नाही. तीच तीन-चार डझन नावं फिरवून फिरवून लिहिलेली असतात. ती घ्यावी ती आठवणीखातर आणि वडापावच्या भावात.

हातात धरून खेळायच्या यंत्रांचं एक सुख आहे. गेमबॉय आणि गेमबॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटना देशाचं बंधन नाही, अमेरिकेतली असो वा जपानची, चालते. प्लेस्टेशन १ आणि २ ला मात्र बंधन आहे. आपल्याकडे अधिकृतपणे युरोपच्या गटातल्या डिस्क येत. डिस्कवरच्या क्रमांकाची सुरुवात ‘एसएलईएस’ किंवा ‘एससीईएस’ असेल तर ती युरोप गटातली, ‘एसएलयूएस’ असेल तर अमेरिकेतली, ‘एसएलपीएस’ किंवा ‘एसएलपीएम’ असेल तर जपानी. हे बंधन तोडणारी चिप न मारलेल्या आपल्या पीएस२ मध्ये अमेरिकेतली डिस्क चालणार नाही. भाव कितीही चांगला असला तरी ती तुमच्यासाठी महागच.

३. दुर्मिळ म्हणजे नक्की काय दुर्मिळ?

इथे जरा थांबू या, कारण सगळी गफलत इथेच होते. दुर्मिळ असणं वेगळं, महाग असणं वेगळं. चार-पाच उदाहरणं बघा.

*मुळातच कमी बनलेलं.* १९९० च्या ‘निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ या स्पर्धेच्या कॅसेट. ९० करड्या, २६ सोनेरी. दुकानात कधी विकल्याच गेल्या नाहीत. ही खरी दुर्मिळता. तुम्हाआम्हाला ती बाजारात भेटणार नाही. भेटली, तर ती नकली आहे.

*एका देशात दुर्मिळ, दुसऱ्यात नाही.* बँडाईने १९८७ मध्ये ‘स्टेडियम इव्हेंट्स’ नावाचा एनईएस गेम काढला. जमिनीवर अंथरलेल्या मॅटवर पळून खेळायचा. निन्टेन्डोने मॅटचे हक्क घेतले, तिचं ‘पॉवर पॅड’ केलं आणि गेम ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावाने पुन्हा आणला. त्या मधल्या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या मूळ नावाच्या थोड्याशा प्रती आज संग्राहकांच्या स्वप्नात येतात. पण त्याच नावाची युरोपातली आवृत्ती त्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही, आणि नवं नाव दिलेला जवळजवळ तोच गेम किरकोळ भावात मिळतो. म्हणून नुसतं नाव बघून उडी मारायची नाही. कुठल्या देशाची आवृत्ती, हे आधी विचारायचं.

*दुर्मिळ नाही, पण महाग.* ‘अर्थबाउंड’ हा सुपर निन्टेन्डोचा गेम १९९५ मध्ये अमेरिकेत आला. तेव्हा फारसा खपला नाही, तरी लाखभर प्रती गेल्याच. म्हणजे शोधला तर रोज सापडतो. तरीही महाग, कारण विकणारे शंभर असले तरी मागणारे हजार आहेत. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये निन्टेन्डोने तो नव्या यंत्रांवर डाउनलोड करून खेळायला दिला, तरी कॅसेटचा भाव चढाच राहिला. त्याचीच १९९४ ची जपानी आवृत्ती, ‘मदर २’, मात्र अगदी स्वस्त. जपानी वाचता येत असेल तर तुमची चंगळ आहे.

*वस्तू साधी, अवस्था दुर्मिळ.* ‘सुपर मारिओ ६४’ जगभरात एक कोटीहून जास्त खपला. सुटी कॅसेट आज ३०-४० डॉलरला, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आगेमागे मिळते. ११ जुलै २०२१ रोजी याच गेमची एक सीलबंद, अवस्थेला दहापैकी ९.८ गुण मिळालेली प्रत अमेरिकेतल्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या हिशोबाने अकरा कोटी रुपयांहून जास्त. दोन दिवस आधी सीलबंद ‘झेल्डा’ ८ लाख ७० हजार डॉलरला गेला होता. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या तिघांनी माळे धुंडाळले आणि ‘मारिओ’ सापडला म्हणून मला फोन केले. तिघांकडेही ‘९९९ इन १’ होती.

*गोष्ट चिकटली म्हणून महाग.* अटारीचा ‘ई.टी.’ हा १९८२ चा गेम इतका बनला की न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत १९८३ मध्ये पुरला गेला. साधी ‘ई.टी.’ आजही चिल्लर भावात मिळते. पण २०१४ मध्ये तो डेपो उकरून काढलेल्या, चेपलेल्या, मातीने माखलेल्या कॅसेट प्रमाणपत्रासह लिलावात शेकडो डॉलरना गेल्या. प्रमाणपत्र नसेल तर ती निव्वळ घाण कॅसेट.

आणि एक आपल्या घरची गोष्ट. पीएस२ साठी भारतात बनलेले, भारतासाठीच काढलेले गेम आहेत: हैदराबादच्या कंपनीने केलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ (२००९), कबड्डी-विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ (२००९), ‘रा.वन’ (२०११), ‘डॉन २’ (२०१३). जग तोवर पीएस३ वर गेलं होतं. खेळ म्हणून यातले बहुतेक सुमार आहेत, हे प्रेमाने सांगतो. पण ते बाहेर कुठे फारसे विकले गेले नाहीत, आणि आपल्याकडे कुणी जपून ठेवले नाहीत. कव्हर-पुस्तिकेसह चांगली प्रत रद्दीच्या भावात दिसली तर मी विचार करत बसत नाही. एमआरपीचं स्टिकर असेल तर खरवडून काढू नका. ही प्रत भारतातली आहे याचा तोच तर पुरावा.

४. भाव बघायचा तो विकल्या गेलेल्या वस्तूचा

जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. तीच कॅसेट दहा हजाराला लावून दोन वर्षं बसलेले लोक मी पाहिलेत. ईबेवर शोध घेताना ‘सोल्ड आयटम्स’ची खूण करा, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार झालेल्या वस्तूच दिसतात. प्राइसचार्टिंग या संकेतस्थळावर प्रत्येक गेमची सुटी कॅसेट, डबा-पुस्तिकेसह पूर्ण संच आणि नवा कोरा, असे वेगवेगळे भाव मिळतात. सुरुवातीला एवढं पुरे.

त्यातही दोन खाचखळगे आहेत. ईबेवर घासाघीस होऊन वस्तू गेली असेल तर मागितलेली किंमत खोडलेली दिसते, खरा आकडा दिसत नाही. खोडलेला आकडा हिशोबात धरू नका. दुसरं, सरासरी काढू नका. समजा एका गेमचे शेवटचे सात व्यवहार असे आहेत: २८, ३१, ३३, ३४, ३६, ४१ आणि ९० डॉलर. सरासरी येते जवळपास ४२. पण ९० वाल्याचा फोटो उघडून बघा, त्यात बहुधा डबा असतो. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला धरा. इथे तो ३४. हाच तुमचा भाव. ३६ पर्यंत डोळे मिटून घ्या, ४१ ला लेबल चकाचक असेल तरच.

भारतातले व्यवहार असे कुठे नोंदले जात नाहीत. त्यामुळे समुराई-मीडिया यांचा ‘भाव’ कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो थापा मारतोय. मी माझ्यापुरती मर्यादा घालून घेतली आहे: डबा नसलेल्या, चालू स्थितीतल्या मशीनला हजार-बाराशेच्या वर जायचं नाही, बंद असेल तर पाचशे-सातशे. डब्यासकट, थर्माकोलसकट सापडलं तर दुप्पट-तिप्पट द्यायला माझी ना नाही, कारण आपल्याकडे डबा पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत जातो.

वेळही बघा. २०२०-२१ मध्ये सगळे घरात बसले आणि भाव आकाशाला भिडले. पुढे बरेचसे खाली आले. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ ला ३डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद केलं, त्याच्या आसपास ३डीएसच्या गेमना अचानक पाय फुटले. एखाद्या गेमवर सिनेमा येतोय, नवा भाग येतोय, असं ऐकलं की दोन-तीन महिने त्या वाटेला जाऊ नका.

५. डबा, पुस्तिका, सील: प्रत्येकाचा वेगळा हिशोब

निन्टेन्डोचे जुने डबे पुठ्ठ्याचे होते, मुलांनी ते फाडले, आयांनी फेकले. त्यामुळे कित्येक गेमच्या बाबतीत रिकामा डबा कॅसेटपेक्षा महाग असतो. ‘पूर्ण संच’ असं कुणी म्हटलं की त्यात काय काय हवं ते आधी शोधून ठेवा: पुस्तिका, पोस्टर, आतला पुठ्ठ्याचा साचा. एक वस्तू कमी असेल तर पूर्ण संचाचा भाव द्यायचा नाही. घरच्या प्रिंटरवर काढलेले डबे सर्रास फिरतात. कडेला पांढरी रेघ दिसते का, घडीवर शाई तडकलीय का, बारीक अक्षरं भिंगाखाली ठिपक्या-ठिपक्यांची पण सुबक दिसतात की नुसती धुरकट, एवढं बघा.

पीएस१-पीएस२ च्या ‘प्लॅटिनम’ किंवा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ आवृत्त्या म्हणजे गाजल्यावर स्वस्तात काढलेली पुढची छपाई. खेळ तोच, भाव कमी. खेळणाऱ्याने त्याच घ्याव्यात.

सीलबंद वस्तूंबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं हातही लावू नका. एनईएसच्या मूळ सीलला मागच्या बाजूला इंग्रजी ‘एच’सारखी शिवण असते, हे खरं. पण हे फसवणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि प्लास्टिक गरम करून चिकटवायचं यंत्र काही महाग नसतं. गुणांकन करून पारदर्शक पेटीत घातलेल्या प्रतींचा बाजार वेगळा, त्यात पैसेवाल्यांची चढाओढ असते. त्यावर मी जास्त बोलत नाही.

६. नकली ओळखणं (माझे साडेचार हजार असे गेले)

‘पोकेमॉन एमराल्ड’ची अस्सल सुटी कॅसेट बाहेर शंभर डॉलरच्या बरीच वर जाते. मला एकाने ती साडेचार हजारात दिली. आनंदाच्या भरात मी एवढंही विचारलं नाही की हा माणूस निम्म्याहून कमी भावात का देतोय. रेक्वाझा हा पोकेमॉन पकडेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पंचेचाळीस-एक तास झाले असतील. मग एका सकाळी गेम लावला तर पडद्यावर ‘कंटिन्यू’ हा शब्दच नाही. फक्त ‘न्यू गेम’.

त्या दिवशी तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर मागवला. कॅसेट उघडली तर आत सर्किटच्या हिरव्या पाटीवर काळ्या डांबराचा एक गोळा, आणि शेजारी डाग देऊन चिकटवलेली बटण-बॅटरी. अस्सल पाटीवर नीट चौकोनी चिप असतात, प्रत्येकीवर क्रमांक असतो. माझी कॅसेट खेळ लक्षात ठेवण्यासाठी त्या बॅटरीवर अवलंबून होती. अस्सल ‘एमराल्ड’मध्ये बॅटरी असते ती फक्त घड्याळासाठी. ती संपली तर गेम तसं सांगतो, पण साठवलेला खेळ जात नाही.

म्हणून गेमबॉय ॲडव्हान्सची कॅसेट घेताना उघडण्याच्याही आधी हे बघा. मोबाइलचा टॉर्च लावून खालच्या फटीत डोकवा: सोनेरी पिनांच्या वरच्या बाजूला पाटीवर ‘निन्टेन्डो’ हा शब्द छापलेला दिसतो. नसेल तर ठेवून द्या. लेबल तिरकं धरा: उजवीकडे कुठेतरी दोन आकडे, क्वचित सोबत एक अक्षर, असा दाबून उठवलेला पुसटसा ठसा असतो. शाईचा नाही, दाबाचा. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा हवा. साधा फुली स्क्रू असेल तर कॅसेट एकदा तरी उघडलेली आहे किंवा मुळातच नकली. आता काही नकलांवर ‘निन्टेन्डो’ हा शब्दही छापून येतो, तेव्हा एकाच खुणेवर विसंबू नका.

एक गंमत लक्षात ठेवा: पोकेमॉनच्याच ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ या अस्सल कॅसेटमध्ये बॅटरी नसतेच. विकणारा “नवीन बॅटरी टाकून दिलीय साहेब” असं अभिमानाने म्हणाला की हसून पुढे निघा. उलट गेमबॉयच्या जुन्या ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’मध्ये साठवलेला खेळ बॅटरीवरच असतो, आणि पंचवीस वर्षांत ती बसलेली असण्याचीच शक्यता जास्त. बॅटरी बसली म्हणजे कॅसेट नकली असं होत नाही. ती बदलता येते, फक्त डाग देणाऱ्याची मजुरी भावातून वजा करा.

प्लेस्टेशन १ ची ओळख सगळ्यात सोपी. अस्सल डिस्क उलटी केली की काळी दिसते. चंदेरी, हिरवट, निळसर असेल तर ती आपल्या सगळ्यांच्या लाडक्या पन्नास-पन्नास रुपयांच्या डिस्कपैकी आहे. काळ्या कोऱ्या सीडीही मिळत, म्हणून मधल्या कड्याजवळ गेमचा क्रमांक कोरलेला आहे का तेही बघा. पीएस२ च्या डिस्क काळ्या नसतात, तिथे कड्याजवळचा क्रमांकच कामाला येतो. उजेडासमोर धरा: सुईने टोचल्यासारखे ठिपके आरपार दिसले तर वरचा थर गेला, डिस्क कितीही चकचकीत असो.

७. घरी येऊन पडेपर्यंतचा खर्च

परदेशातून मागवताना वस्तूची किंमत हा अर्धाच हिशोब. समजा जपानमधल्या लिलावातून दोन हजार रुपयांची कॅसेट घेतली. तुमच्या वतीने बोली लावणाऱ्याचं शुल्क, जपानमधल्या जपानमध्ये पाठवणी, मग तिथून इथपर्यंतची पाठवणी, वर सीमाशुल्क आणि आयजीएसटी. हीच कॅसेट सहज चार हजारांत पडते. आठ-दहा कॅसेट एकत्र मागवल्या तर पाठवणी वाटली जाते. सीमाशुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलत राहतात, त्यामुळे मागवण्याच्या दिवशीचा दर बघा. मी वस्तू आणि पाठवणी मिळून जे होईल त्याच्या निम्मी रक्कम वेगळी काढून ठेवतो. उरली तर आनंद.

“पार्सलवर गिफ्ट लिहून घे, कर लागत नाही,” असा सल्ला अजूनही मिळतो. भेट म्हणून करमुक्त मागवण्याची वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. जीवनरक्षक औषधं आणि राखी एवढाच अपवाद राहिला. गेमबॉयला राखी म्हणून खपवता येत नाही. त्यापेक्षा सॅन होजेतल्या मावसभावाच्या किंवा टोकियोत नोकरीला असलेल्या मैत्रिणीच्या बॅगेत दोन कॅसेट येऊ द्या. टोकियोत कुणी असेल तर अकिहाबारातल्या प्रसिद्ध दुकानांत न पाठवता उपनगरातल्या ‘हार्ड ऑफ’ या जुन्या वस्तूंच्या दुकानात पाठवा. तिथे ‘जंक’ म्हणून पेट्या भरून ठेवलेल्या असतात. जंक म्हणजे तपासलेलं नाही, परत घेणार नाही. बिघडलेलंच असेल असं नाही.

विजेचा मुद्दा विसरलात तर सगळंच फुकट. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा, आपल्या भिंतीत २३०. मी एकदा घाईत जपानी अडॅप्टर सरळ लावला. आधी गुणगुणल्यासारखा आवाज, मग करपलेला वास, मग शांतता. बरं, नुसता इथला अडॅप्टर घेऊनही भागत नाही. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतं आणि त्याच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, बाजारातल्या साध्या अडॅप्टरच्या उलट. एनईएसच्या अडॅप्टरमधून तर ९ व्होल्ट एसी बाहेर पडतं. यंत्राच्या पाठीवर लिहिलेलं वाचा, तसाच अडॅप्टर घ्या आणि तो खर्च भावात धरा.

८. कुठे घ्यायचं आणि कसं बोलायचं

पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी. मुंबईत चोर बाजार, शुक्रवारी सकाळी लवकर. लॅमिंग्टन रोडला किंवा आमच्या तपकीर गल्लीत गेम मिळतीलच असं नाही, पण दुरुस्ती करणारे हात तिथेच आहेत. ओएलएक्सवर ‘रेट्रो’, ‘व्हिंटेज’ असं शोधाल तर भाव आधीच वाढलेले मिळतील. ‘जुना टीव्ही गेम’, ‘ओल्ड गेम कॅसेट’ असं शोधा. घर बदलणारी माणसं असंच लिहितात.

बोलताना गेमचं कौतुक करू नका. कधीही. डोळे चमकले की हजार रुपये वाढले. दोष मोठ्याने मोजा: “दादा, वायर तुटलीय, झाकण नाही, आत गंज असेल.” बॅटरीचं झाकण उघडून हिरवी-पांढरी भुकटी आहे का बघणं हे नाटक नव्हे, ती खरंच बघायची असते. सेगा कंपनीचा गेम गिअर (हातात धरून खेळायचं यंत्र) असेल तर आतले कपॅसिटर गळलेले आहेत असंच धरून चाला, ‘फक्त आवाज येत नाही’ याचा अर्थ तोच. प्लास्टिक पिवळं पडलं तर घाबरू नका. त्यातल्या रसायनामुळे ते होतं, चालण्याशी संबंध नाही, आणि भाव पाडायला ते उत्तम.

ढीग एकगठ्ठा मिळत असेल तर तुम्हाला हव्या असलेल्या दोनच वस्तूंची किंमत मनात धरा, बाकी सगळं शून्य. तेवढ्यात ढीग येत असेल तर घ्या.

९. जवळ काय ठेवायचं

साधनं:
- निन्टेन्डोच्या सहा दात्यांच्या स्क्रूसाठी ३.८ मिमीचा (कॅसेट) आणि ४.५ मिमीचा (यंत्र) बिट
- तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर
- भिंग, टॉर्च, साधा मल्टिमीटर
- ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरण्याचे कापसाचे बोळे. फुंकर मारणं आता तरी सोडा, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात.

कागद:
- परदेशी पार्सलच्या केवायसीसाठी आधार किंवा पॅन
- पैसे भरल्याची पावती, आणि वस्तूच्या पानाचा त्याच दिवशी काढलेला स्क्रीनशॉट. कस्टमने किंमत विचारली तर हेच दाखवायचं.
- पार्सल फोडतानाचं सलग चित्रीकरण
- एक वही

वहीबद्दल थोडं. प्रत्येक वस्तूची तारीख, मागितलेला भाव, दिलेला भाव आणि वरचा खर्च मी लिहितो. न घेतलेल्या वस्तूंचाही मागितलेला भाव लिहितो. भारतीय भावांची नोंद कुणी ठेवत नाही म्हटलं ना, ती अशीच आपली आपण तयार करायची. पाच वर्षांत माझ्याकडे मीडियाच्या अकरा मशीनचे भाव जमलेत, आणि तीन हजार हा त्यातला सगळ्यात मोठा आकडा.

तो काकांचा. तासाभराने दुसरी फेरी मारली तेव्हा ऊन चढलं होतं आणि मशीन अजून तिथेच होतं. वहीत त्याची नोंद अशी आहे: मागितले ३०००, दिले ६५०, अडॅप्टर १८०, वायर आणि स्विच दुरुस्ती तपकीर गल्लीत १५०. एकूण ९८०. खाचेत एक कॅसेट अडकलेली निघाली, लेबल नाही. लावून बघितली तर ‘कॉन्ट्रा’. दुसरा कंट्रोलर अजून शोधतोय, शंभरपर्यंत.